तोंड फिरव

हेम्पेलबाईंचा फोन आला तेव्हा एकहार्ट बटाटे सोलत होता. एकहार्ट आणि रोस्विता लेनर्ट लग्न झाल्यापासून ज्या गृहसंस्थेच्या इमारतीत भाड्याने राहत आले, तिच्या ऑफिसातल्या या हेम्पेलबाई. पिर्ना शहराच्या कोपित्स भागातल्या निम्म्या घरांचे कागद त्यांच्या टेबलावरून गेलेले. बाई चांगल्या, पण फोनवर उगाच गप्पा मारणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यामुळे त्यांनी आधी थंडीची आणि मग गुडघ्यांची चौकशी सुरू केली तेव्हाच एकहार्टने सुरी खाली ठेवली.

"लेनर्टसाहेब, तुम्ही घर सोडताय?"

"नाही बुवा. कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात. माझ्यासमोर पत्र आहे. घर सोडण्याची नोटीस, दोघांच्या सह्या, तारीख, सगळं जागच्या जागी. इतकं नीटनेटकं पत्र मी वर्षभरात पाहिलेलं नाही. म्हणून तर शंका आली."

एकहार्ट हातातल्या ओल्या सालाकडे बघत राहिला.

"हे मी फाडून टाकते," हेम्पेलबाई म्हणाल्या. "पण ऐका. महिनाअखेरीला मी निवृत्त होतेय. माझ्या जागी येणारी पोरगी ड्रेस्डेनची. तिला तुम्ही कोण, तुमच्या मिसेस कोण, त्यांना काय झालंय, कशाचा पत्ता नाही. तिच्या हातात असं पत्र पडलं की ती शिक्का मारून मोकळी. घरांसाठी रांग केवढी आहे, तुम्हाला सांगायला नको. एकदा घर दुसऱ्याच्या नावावर चढलं की मग मी, तुम्ही आणि देव, तिघांनाही काही करता येणार नाही."

"करतो काहीतरी," एकहार्ट म्हणाला, आणि फोन ठेवून त्याने उरलेले बटाटे सोलले.

त्याला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. गेले कित्येक महिने त्याला धड काही वाटतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल कसा आपला असून आपला नसतो, तसा तो सबंध माणूस झाला होता. बटाटे उकडायचे, गोळ्या द्यायच्या, खिडक्या लावायच्या, झोपायचं. कोणी विचारलं तर "चाललंय" म्हणायचं.

रोस्विताला विसरण्याचा आजार होता. डॉक्टरांनी त्याचं नाव घेतलं ते गेल्या नाताळानंतर. चष्मा फ्रीजमध्ये ठेवणं, मुलीला बहिणीच्या नावाने हाक मारणं, हे तर होतंच. ते कोणाच्या घरी चुकलंय? पण रोस्विताचं खरं दुखणं निराळं होतं. ती आवराआवर करत होती. संसारातली एकेक गोष्ट कम्प्युटरवर बसून रीतसर बंद करत होती. आधी वर्तमानपत्र गेलं. मग गायनमंडळाचं सभासदत्व. मग शहराबाहेरचा भाड्याचा बागेचा तुकडा, त्यातल्या लाकडी खोपट्यासकट आणि एकहार्टने जिवापाड जपलेल्या लाल बेरीच्या झुडपांसकट. बागवाल्या मंडळाने नोटीस मंजूर केली, तुकडा एका तरुण जोडप्याला दिला, आणि वर एकहार्टला इतक्या वर्षांच्या सहवासाबद्दल फुलांचं एक कुंडीतलं झाड दिलं. म्हणजे काय, बाग काढून घेतली आणि कुंडी हातात ठेवली!

सगळ्या पत्रांवर एकहार्टची सही होती, आणि ती खोटी नव्हती. त्याच्या सहीचं चित्रच रोस्विताने पूर्वी कधीतरी कम्प्युटरमध्ये साठवून ठेवलं होतं. "दरवेळी चष्मा शोधत बसतोस. एकदाच कर आणि सुटलास." तो सुटला होता. घरातला कुठलाच कागद त्याने त्यानंतर वाचला नव्हता.

आता ही रोस्विता कोण, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारीच्या हातात कोणी कम्प्युटर दिला? अहो, कम्प्युटर तिचाच. जुन्या पूर्व जर्मनीच्या राजवटीत, कपाटाएवढी यंत्रं खोल्या भरून घुरघुरत असायची त्या काळात, ती एका खतकारखान्याच्या संगणक केंद्रात शिफ्टची प्रमुख होती. कोणत्या माणसाने कुठल्या यंत्राला कुठवर हात लावायचा, हे ती ठरवायची. इंजिनिअर लोकसुद्धा तिच्या टेबलापाशी येऊन आधी घसा साफ करायचे.

त्या केंद्रात शिफ्ट बदलण्याची एक रीत होती. जाणाऱ्याने उभं राहून म्हणायचं, "सोपवलं." येणाऱ्याने म्हणायचं, "घेतलं." मग जाणारा म्हणायचा, "शांत शिफ्ट!" आणि घरी. 'घेतलं' ऐकू आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, मग आभाळ कोसळो. एकदा एका पट्ठ्याने काय केलं, आदल्या दिवशीच्या भांडणाचा राग मनात धरून आला, बसला, डबा उघडला, सॉसेज तोंडात कोंबलं, पण तो शब्द काही म्हणेना. रोस्विता शेजारी बसून राहिली. सकाळ गेली, दुपार झाली. साहेब आले, म्हणाले, "बाई, घरी जा, तुमची शिफ्ट केव्हाच संपली." ती म्हणाली, "यांनी अजून घेतलेलं नाही." शेवटी साहेबांनी त्या पट्ठ्याला कॉलरला धरून उभं केलं तेव्हा कुठे तो "घेतलं" म्हणाला. हा किस्सा एकहार्ट प्रत्येक वाढदिवसाला सांगायचा, आणि प्रत्येक वाढदिवसाला रोस्विता म्हणायची, "सॉसेज नव्हतं, अंडं होतं."

घरात हा नवा कम्प्युटर आला तेव्हा तिने पहिल्या दिवशी सगळ्यांची अकाउंटं वेगळी केली. नातवंडांचं वेगळं, त्यात चित्रं रंगवण्याचे खेळ, जेवणाच्या वेळेला आपोआप बंद होणारे. एकहार्टचं वेगळं, त्यात बातम्या, हवामान, मासेमारीची पानं, आगगाड्यांचं वेळापत्रक. स्वतःच्या अकाउंटला सगळी परवानगी. एकहार्ट कुरकुरला होता, "मी काय नातवंड आहे?" तर ती म्हणाली, "नातवंड बरं. त्याने नाचणाऱ्या बेडकाच्या नादाने सात व्हायरस आत घेतले नव्हते." हे मात्र खरं होतं. जुन्या कम्प्युटरची एकहार्टने तशी वाट लावलेली होती. "ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढी परवानगी," रोस्विता म्हणायची. "जास्तीची परवानगी म्हणजे डोक्याला ताप."

त्यामुळे एकहार्टला काही नवीन घालायचं असलं, कुठली मोठी गोष्ट बदलायची असली, की पडद्यावर एक करडी चौकट यायची. मुख्य पासवर्ड मागायची. चौकट आली रे आली की एकहार्ट हाक मारायचा, "रोस्विताऽऽ!" ती स्वयंपाकघरातून हात पुसत यायची आणि म्हणायची, "तोंड फिरव." तो खिडकीकडे तोंड फिरवायचा. समोरच्या बाल्कनीत कोणी ना कोणी रजई झटकत असायचं. मागे टकटक टकटक वाजायचं आणि काम झालेलं असायचं. बायकोने नवऱ्यापासून पासवर्ड लपवावा याचं कोणाला नवल वाटेल, पण एकहार्टला नाही वाटलं. उलट बरं वाटायचं. तिच्या हाती सगळं आहे म्हणजे कुठे काही बिघडणार नाही, असं त्याला वाटायचं.

गेल्या पानगळीपासून तिने ते सोडलं होतं. त्याने हाक मारली की ती यायची नाही. यायची ती दारापर्यंत, म्हणायची, "तूच टाक," आणि निघून जायची. एकहार्टला वाटलं चिडचिड वाढलीय. तेव्हा आजाराचं नाव कोणी घेतलेलं नव्हतं, पण घरात काहीतरी शिरलंय हे त्याला दिसत होतं. तो चौकट बंद करून टाकायचा. अंदाजाने काही टाकून बघणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तीनदा चुकलं की मशीन स्वतःला कुलूप लावून घेतं, असा दम तिने फार पूर्वी दिलेला होता.

हेम्पेलबाईंच्या फोननंतर त्याने कासेलला मुलीला फोन लावला.

"बाबा, आता पुरे झालं," आंत्ये म्हणाली. "बाग गेली तेव्हाच मी सांगत होते. आईची मेल काढून टाका, प्रिंटर काढून टाका. फोटो बघू देत तिला, पत्ते खेळू देत."

"मला परवानगी नाही."

"म्हणजे?"

"ते बदलायला मुख्य पासवर्ड लागतो. तो तुझ्या आईकडे. मी त्या कम्प्युटरवर साधा माणूस आहे."

"तुम्ही घरात तरी दुसरे कोण होतात?" आंत्ये हसली. "बरं, मी शनिवारी येते. माझ्या दिराला, योर्गच्या भावाला, घेऊन येते. तो सगळं पुसून नव्याने बसवून देईल. तुम्ही मुख्य, आई पाहुणी. तासाभराचं काम."

"सगळं पुसून?"

"फोटो आधी काढून घेऊ. बाबा, आईला काय कळणार आहे?"

"कळेल."

"काय कळेल? रविवारी तिने मला उर्सेलमावशी समजून हाक मारली."

"तुला नाही ओळखणार ती. पण तिच्या मशीनला परक्याने हात लावलेला ओळखेल."

हे बोलून गेल्यावर एकहार्टला कळलं की आपण काय बोललो. पलीकडे आंत्येने नाक ओढलं. "शनिवारी येते," ती म्हणाली.

तोवरचे दिवस काढायचे होते. एकहार्टने प्रिंटरचे कागद काढून बटाट्यांच्या पेटीखाली लपवले. दुसऱ्या दिवशी रोस्विताने शांतपणे किराणा सामानाच्या बिलांच्या मागच्या बाजूवर वीज तोडायला सांगणारं वीज कंपनीला पत्र छापलं. त्याने इंटरनेटची वायर काढून ठेवली. ती आली, टेबलाखाली वाकली, हाताने चाचपलं आणि टक्कन वायर लावली. नवऱ्याचं नाव आठवायला तिला कधीकधी क्षणभर थांबावं लागायचं, पण तिच्या हातांना काहीच आठवावं लागत नव्हतं. एकहार्ट दारात उभा राहून बघत होता. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "वायर कोणी काढली होती? या घरात कोणाला काही काम नाही वाटतं."

बुधवारी सकाळी न्याहारीच्या वेळी त्याने धीर केला.

"रोस्विता, तो मुख्य पासवर्ड काय होता गं?"

ती पावाला लोणी लावत होती. या एका विषयावर मात्र तिच्या डोळ्यांत दिवा लागायचा. "कशासाठी हवा?"

"प्रिंटरचं जरा…"

"प्रिंटरला मुख्य पासवर्ड लागत नाही. खोटं बोललास की अजून तुझे कान लाल होतात."

"बरं. असाच हवाय."

"असाच कोणाला देत नसतात." तिने सुरी पुसली. "आणि आता तो माझ्याकडे नाहीच."

"मग कोणाकडे आहे?"

"ज्याची शिफ्ट, त्याच्याकडे." मग हातातल्या पावाकडे बघून ती वैतागली. "हा पाव कोणी कापला? केवढा जाड!"

तिनेच कापला होता. एकहार्ट म्हणाला, "मी." आणखी विचारण्यात अर्थ नव्हता. पासवर्ड गेला. ती विहीर आटली, असं त्याने मनाशी म्हटलं आणि कप विसळायला उठला. शनिवारी योर्गचा भाऊ येईल, पुसेल, बसवेल. ती खोलीत येईल, खुर्चीवर बसेल आणि मशीन तिला सांगेल, तुम्हाला परवानगी नाही. आयुष्यभर जिने दुसऱ्यांना परवानग्या दिल्या तिला. मग ती मान वळवून विचारेल, "हे कोणी केलं?" आणि आपल्याला म्हणावं लागेल, मी. पावासारखं म्हणता येईल का ते? त्याने कप जागेवर ठेवला. तेव्हाही त्याला काही वाटलं नाही.

शुक्रवारी दुपारी जेवून रोस्विता आडवी झाली. एकहार्ट कम्प्युटरच्या खोलीत गेला. खोली कसली, कपडे वाळत घालायची जागा; तिथेच एका बाजूला टेबल. योर्गचा भाऊ यायच्या आधी सगळ्यांची अकाउंटं निदान एकदा बघून ठेवावीत, म्हणजे नंतर तशीच लावायला सांगता येतील, एवढाच त्याचा विचार. त्याने स्वतःचं अकाउंट उघडलं, अकाउंटांच्या पानावर गेला, बटण दाबलं.

करडी चौकट आली.

एकहार्टने तोंड फिरवलं.

समोरच्या बाल्कनीत कोणी नव्हतं. रेलिंगवर एक रजई नुसती पडली होती. मागे टकटक होईना. होणार कशी? खोलीत दुसरं कोणी नव्हतं, आणि हा गृहस्थ खिडकीकडे तोंड करून बसला होता, कोणीतरी पासवर्ड टाकेल म्हणून. त्याच्या ते ध्यानात आलं तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली. कितीतरी दिवसांनी काही वाटलं, तर ही लाज!

तो वळला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने ती चौकट वाचली. आजवर ती कधी नजरेसमोर टिकलीच नव्हती. आली की तोंड तरी फिरायचं नाहीतर ती बंद तरी व्हायची.

'पुढे जाण्यासाठी एकहार्ट यांचा पासवर्ड द्या.'

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एकहार्ट यांचा. मशीनची काहीतरी गल्लत होतेय असं त्याला वाटलं. पण तीनदा तर चुकता येत होतं. त्याने आपला रोजचा पासवर्ड टाकला, त्याच्या आवडत्या माशाचं नाव. रोस्विता त्याला हसायची, "ट्राउट! चोरालासुद्धा पहिलं तेच सुचेल." दोन बोटांनी ट्राउट टाकून त्याने बटण दाबलं.

चौकट गेली. पान उघडलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. वायरी उपटल्या, कागद लपवले, कासेलहून माणूस बोलावला, आणि किल्ली वर्षभर याच्याच खिशात! रोस्विता ओरडून ओरडून सांगत होती, "तूच टाक." आता ओरडून नव्हती सांगत, म्हणा. पण सांगत होती.

पानावर नावं होती. एकहार्ट, मुख्य. रोस्विता, साधी. नातवंडं, साधी, वेळेचं बंधन. त्याच्या खाली चौथं नाव होतं. ते बंद ठेवलेलं होतं, फिक्या अक्षरांत.

'रोस्विता, नंतर.'

एकहार्टने ते उघडलं. परवानग्यांची ओळ खाली खाली जात होती आणि प्रत्येकीसमोर खूण होती. फोटो बघणं, हो. फोटो पुसणं, नाही. गाणी, हो. पत्ते, हो, सोपे. मेल, नाही. प्रिंटर, नाही. इंटरनेट, नाही. सहीचं चित्र, नाही. अक्षरं मोठी. पासवर्ड लागणार नाही. अगदी शेवटी: मशीन बंद करणं, हो. एवढा एक हक्क तिने स्वतःपाशी ठेवला होता. काम संपलं की यंत्र आपल्या हाताने बंद करायचं, ही तिची जुनी सवय.

बाजूला तारीख होती, गेल्या पानगळीतली. म्हणजे नाताळाच्या आधी. डॉक्टरांच्या आधी. कोणालाच काही ठाऊक नव्हतं तेव्हा रोस्विता या खुर्चीत बसली होती आणि आपल्याकडून काय काय काढून घ्यावं लागेल ते एकेक करून तिने स्वतः काढून ठेवलं होतं.

आणि मग त्याला ती संध्याकाळ आठवली. तो तेव्हाही बटाटेच सोलत होता. रोस्विता या खोलीतून निघून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, स्वेटरची सगळी बटणं लावून, ताठ. म्हणाली होती, "एकहार्ट, सोपवलं." त्याने वर न बघता म्हटलं होतं, "बरं बरं, ठेव तिथे." त्याला वाटलं धुतलेल्या कपड्यांबद्दल बोलतेय. ती तिथेच उभी होती. बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "तू काही म्हणणार नाहीस?" आणि तो म्हणाला होता, "मीठ संपलंय."

वाढदिवसाला किस्सा सांगणारा तोच!

आता रडू येईल म्हणून एकहार्ट थांबला. आलं नाही. त्याने रोस्विताचं रोजचं अकाउंट बंद केलं. मशीनने विचारलं, नक्की? त्याने हो म्हटलं. मग ते फिकं नाव चालू केलं. बटण दाबताना त्याला एवढंच जाणवलं की की-बोर्डवर पावाचा चुरा पडलाय. तो त्याने फुंकरीने उडवला आणि तिथेच बसून राहिला.

रोस्विता उठून आली तेव्हा तो दाराशी जाऊन उभा राहिला. ती खुर्चीवर बसली, स्वेटर खुर्चीच्या पाठीला टांगला. पडद्यावर तिचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. तिने दाबलं. पासवर्ड विचारला गेला नाही तेव्हा तिची मान किंचित वर झाली. मेल असायची तिथे तिने बघितलं. नव्हती. एक फोटो उघडला, आंत्येचा, शाळेच्या पहिल्या दिवशीचा, खाऊचा मोठा कागदी शंकू हातात धरलेला. तो छापून बघितला. छापला गेला नाही. पुसून बघितला. पुसला गेला नाही. तपासनीस तपासतात तसं ती एकेक दार ढकलून बघत होती.

"हे कोणी केलं?" तिने विचारलं.

"तू केलंस."

तिने आणखी एक-दोन ठिकाणी दाबून बघितलं. "कुठे फट नाही राहिली," ती म्हणाली. "ज्याने केलंय त्याला काम येतं."

"येतंच."

"हं." ती पडद्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा गोंधळला, गेले कित्येक महिने रोज गोंधळायचा तसा, आणि तिने मान वळवून त्याला विचारलं, "पण मग शिफ्ट कोणाकडे आहे?"

एकहार्टने हात पँटला पुसले. हात कोरडेच होते. तो सरळ उभा राहिला.

"घेतलं," तो म्हणाला. त्याने पुन्हा म्हटलं, "रोस्विता, मी घेतलं."

तिने त्याच्याकडे बघितलं. तिचे खांदे खाली आले. इतके दिवस ते वर होते हे एकहार्टला ते खाली आल्यावर कळलं.

"उशीर केलास," ती म्हणाली. रागाने नाही. उठली, खुर्ची टेबलाखाली सारली, स्वेटर घेतला. त्याच्या शेजारून जाताना म्हणाली, "शांत शिफ्ट," आणि मागे वळून न बघता निघून गेली.

वर्षभर ती बसून होती. तो पट्ठ्या अंडं चघळत होता आणि ती शेजारी बसून होती, कारण त्याने घेतलं नव्हतं. बसल्या बसल्या ती टेबल आवरत होती, येणाऱ्याला त्रास नको म्हणून. वर्तमानपत्र, गाणं, बाग, घर. एकहार्टला हे सगळं एका दमात समजलं आणि त्याचा गाल दुखायला लागला, खरोखरचा, सुईची बधिरता उतरताना दुखतो तसा. खुर्ची ओढून तो बसला. ती गरम होती. आंत्येला फोन करायचा होता, की तू ये, पण योर्गच्या भावाला आणू नकोस. थोड्या वेळाने करू, त्याने ठरवलं. शिफ्ट आता त्याची होती. त्याच्या नंतरचं माणूस यायचं नव्हतं, त्यामुळे घाई कसलीच नव्हती.

"एकहार्ऽऽट!"

स्वयंपाकघरातून हाक आली. वर्षभरात तिने अशी हाक मारली नव्हती. तो उठून गेला. रोस्विता ओट्यापाशी उभी होती, हातात काकड्यांच्या लोणच्याची बरणी.

"हे उघडत नाही," ती म्हणाली.

त्याने बरणी घेतली. आणि कोणी काही न सांगता रोस्विताने खिडकीकडे तोंड फिरवलं. दोन्ही हात समोर धरून, काम होईपर्यंत थांबणाऱ्या माणसासारखी ती समोरच्या बाल्कनीकडे बघत उभी राहिली.

एकहार्टने झाकण फिरवलं. ते पहिल्याच झटक्यात निघालं, पण तो लगेच काही बोलला नाही. त्याने डोळे पुसले, बरणी ओट्यावर ठेवली आणि मग म्हणाला, "झालं. बघ आता."